तीनशे सत्तेचाळीसची बाकी

दादा, तुझी वही माझ्या मांडीवर उघडी आहे आणि मला तुझा भयंकर राग आलेला आहे. गेलेल्या माणसाबद्दल बाराव्या दिवशी चार चांगले शब्द बोलायचे असतात, एवढं मलाही कळतं. पण तू तशी सोयच ठेवली नाहीस. सकाळपासून धाड गावातल्या या तुझ्या घरात भेटायला येणारा प्रत्येक जण मला सांगतोय, "तुमच्या भावानं लय मोठं काम केलं, बाई. मूळ संख्या काढली." आणि मी मान हलवत बसले आहे.

उद्या तुझी तेरवी. उद्या सकाळी पेंटर येणार. तुझ्या गजूनं ठरवलंय की मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर जुन्या इंजिनाची ती नंबर कोरलेली पितळी पट्टी बसवायची आणि तिच्याखाली भिंतीवर हातभर मोठ्या आकड्यांत लिहायचं : १०९१९७४३, मूळ संख्या, हिला कोणाचाच भाग जात नाही. त्याखाली तुझं नाव. पोरानं भिंत पांढरी करून ठेवली आहे. चुना वाळलासुद्धा.

भाग जातो, दादा. आज दुपारी मला कळलं. आता हे तुला कसं सांगू, आणि तू नाहीस तर कोणाला सांगू?

मुळात तुला त्या इंजिनाचा एवढा लळा का होता, हेच मला कधी समजलं नाही. त्याच इंजिनानं तुझी शाळा सोडवली. तू नववीत होतास, मी सातवीत. आप्पांनी हँडल मारलं आणि इंजिनानं उलटा झटका दिला. मनगटाची दोन हाडं मोडली. "एवढा हंगाम निघू दे, मग जा शाळेत," असं आप्पा म्हणाले होते. तो हंगाम काही संपला नाही. मी भाकरी घेऊन मळ्यात यायची तेव्हा तू इंजिनाजवळ काळ्या हातांनी बसलेला असायचास आणि पट्टीवरचा आकडा दाखवून मला विचारायचास, "सुमे, याले तीननं भाग जाते काय?" मी बोटं मोजत बसायची. तू आधीच अंकांची बेरीज करून ठेवलेली असायची. चौतीस. जात नाही.

दोन वर्षांनी तुझं नववीचं गणिताचं पुस्तक माझ्याकडे आलं. समासात तू पेन्सिलीनं सोडवलेली उदाहरणं होती आणि प्रत्येक उदाहरण पुस्तकातल्या रीतीपेक्षा दोन ओळींनी आखूड होतं. पुढे मी बुलढाण्याला तीस वर्षं गणित शिकवलं. त्यातल्या कितीतरी रीती तुझ्या समासातल्या होत्या. मुलं म्हणायची, मॅडमची रीत सोपी आहे. मी त्यांना कधी सांगितलं नाही की ही रीत मॅडमची नाही. तुलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू फुगला असतास आणि मग तुझ्याशी बोलायची सोय राहिली नसती, असं मी स्वतःला समजावत आले.

तीन वर्षांपूर्वी ते इंजिन एकदाचं भंगारात गेलं. वीस वर्षं नुसतं गंजत पडलेलं होतं. तू पट्टी तेवढी काढून घेतलीस, चिंचेनं घासलीस आणि मला फोन केलास.

"सुमे, हा आकडा मूळ आहे. मले पहिल्यापासून वाटते."

"वाटून काय होतं? मोबाइलवर टाक, एका सेकंदात सांगेल."

"मंग ते मोबाइलनं काढलं म्हनतीन. आपन हातानं काढू."

आपण! मी तेव्हाच फोन ठेवून द्यायला हवा होता. पण मी शिक्षिका ना, समजावून द्यायची खोड जात नाही. मी तुला सांगितलं की ३३०४ चा वर्ग या आकड्याच्या आत राहतो आणि ३३०५ चा बाहेर जातो. तेव्हा तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, पुढे जायचं कारण नाही. तू विचारलंस, "काऊन नाही?" मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात तूच म्हणालास, "हाव, समजलं. दोन तुकडे पडले तर दोन्ही मोठे असू शकत नाहीत. एक तरी लहान असनारच." माझ्या वर्गात हे समजायला चाळीस मिनिटांचा तास जायचा.

साडेचारशेच्या वर मूळ संख्या निघाल्या. दोन आणि पाच नजरेनंच बाद झाले. बाकीच्यांची तू वाटणी केलीस. शेवटी एक किंवा नऊ असलेल्या तुझ्या, तीन किंवा सात असलेल्या माझ्या. आठवड्याला दोन तुझ्या, दोन माझ्या. रविवारी सकाळी नऊला फोन. नुसतं "भाग जात नाही" एवढं चालणार नाही, बाकी किती उरली ते सांगायचं, तू ती वहीत लिहिणार. सातची बाकी दोन. तेराची बाकी तीन. मी म्हटलं, सगळं तूच का करत नाहीस, तुला एवढी हौस आहे तर? तू म्हणालास, "मंग तुले फोन कायच्यासाठी करू?"

तुझा स्वभावच असा एकेक वाक्य टाकून गप्प बसायचा. समोरच्याला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हटलं की अडकतो.

आणि अडकवायचंस तरी किती! तुझ्याबरोबर जीपमध्ये बसायची मला लाज वाटायची. बाजाराच्या दिवशी स्टँडवर उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर वाचून तू ड्रायव्हरला सांगायचास, तुझी गाडी मूळ आहे, तुझीले सातनं भाग जाते. तो बिचारा विचारायचा, "म्हंजे गाडी पकडतीन काय, काका?" मी एकदा गंमत म्हणून तुला आनंदी संख्या शिकवल्या. अंकांच्या वर्गांची बेरीज करायची, जे येईल त्याच्या अंकांची पुन्हा तशीच, आणि शेवटी एक आला तर ती संख्या आनंदी. तू लगेच आपला आकडा घेऊन बसलास. २३८, मग ७७, मग ९८, मग १४५, आणि फिरून फिरून पुन्हा १४५. एक काही येईना. तू तीन वेळा केलंस आणि मग माझ्यावरच चिडलास. "हे कोनं ठरवलं? इतकी वर्षं पानी दिलं इंजिनानं, आनंदी नाही म्हनते!" पुढचे दोन रविवार तू माझ्याशी तुटक बोललास. एका आकड्याच्या बाजूनं. सख्ख्या बहिणीशी.

आता त्या रविवारचं सांगते. प्रकरण सुरू होऊन चार-पाच महिने झाले होते. माझ्याकडे पाहुणे होते, दोन रविवार चुकले होते, मध्ये कसाबसा एक कळवला होता आणि माझे पाच भागाकार साचले होते. नऊला फोन वाजला तेव्हा मी पुऱ्या लाटत होते. मी भागाकार केलेले नव्हते. "दादा, झाले नाहीत," एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण तीस वर्षं मी गृहपाठ न करणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं होतं. नववीतून शाळा सोडलेल्या भावापुढे मला "झाले नाहीत" म्हणता आलं नाही.

"सांग. तीनशे सदतीस?"

"अठरा."

"तीनशे सत्तेचाळीस?"

"दोनशे बारा."

"त्रेपन्न?"

"नव्वद."

"सदुसष्ट?"

"एकशे एक."

"त्र्याहत्तर?"

"सात. झाले सगळे. ठेवू आता?"

"लय पटापट केले तू," तू म्हणालास. "मले एकेक दोनदा करा लागते."

पाचही बाकी मी पुरी लाटता लाटता मनानं सांगितल्या. फोन ठेवल्यावर मी हिशेबही केला होता : तीनशे सत्तेचाळीसनं भाग जाण्याची शक्यता तीनशे सत्तेचाळीसात एक. इतरांचंही तसंच. एवढं लहान खोटं कुठे अडणार? नंतर करून ठेवू म्हटलं. नंतर पुढचे रविवार आले, त्यांचे भागाकार मी इमानानं केले, आणि ते पाच राहून गेले. दोन वर्षांहून जास्त काळ राहून गेले.

तुझा आणि माझा शेवटचा फोन तू जाण्याच्या आदल्या रविवारचा. तू म्हणालास, "आता एकच राह्यला. तीन हजार तीनशे एक. माया वाट्याचा आहे. पन मी करून नाही राह्यलो. तू धाडले ये, दोघं सोबत करू."

मी म्हटलं, "एका भागाकारासाठी मी एसटीनं येऊ?"

"ये ना. वहिनी मुगाचे वडे करते म्हने."

"दादा, तू करून टाक आणि मला बाकी सांग. नाहीतर मोबाइलवर बघ. एक सेकंद लागतो रे त्याला. तीन वर्षं घालवलीस."

फोन तूच ठेवलास. असं तू कधी करायचा नाहीस. नेहमी "सांभाळून राह्यजो" म्हणायचास आणि मग ठेवायचास. मी ठरवलं, पुढच्या रविवारी समजूत काढू. पुढचा रविवार येण्याआधी, गुरुवारी, गजूचा फोन आला. आणि मग मी एसटीनं नाही, शेजाऱ्यांच्या गाडीनं आले.

आज दुपारी जेवणं झाल्यावर वहिनीनं ही वही माझ्या हातात दिली. "एक भागाकार राह्यला म्हने, ताई. तुम्ही करून द्या, म्हंजे उद्या भिंतीवर लिहाले मोकळे." तुझे आकडे किती देखणे रे. सगळी वही सरळ रेघेत. मी ३३०१ चा भागाकार केला. बाकी पस्तीस. तुझ्या वाट्याचा शेवटचा रकाना मी भरला आणि वही मिटायला गेले. पण मिटवेना. मागची पानं उलटत गेले आणि त्या पानावर आले. ३४७, बाकी २१२. त्याच्या लगेच खाली तुझा ३४९, बाकी २३१. दोघांच्या मध्ये फक्त दोनाचं अंतर. जोडीच्या मूळ संख्या.

आधी मी तुझा ३४९ करून पाहिला. २३१ च येते. मग ३३७ केला. मी अठरा सांगितली होती, येते दोनशे एकोणसत्तर. मग ३४७ घेतला. शेवटच्या ओळीला वजाबाकी केली आणि खाली शून्य उरलं. मी पुन्हा केला. वहिनीकडून दुसरा कागद मागून तिसऱ्यांदा केला. शून्य. तीनशे सत्तेचाळीस गुणिले एकतीस हजार चारशे एकोणसत्तर. तुझा आकडा संयुक्त आहे. आणि पहिल्या वर्षातच, त्या पुऱ्यांच्या रविवारी, तुझं काम संपायला हवं होतं.

मी वहिनीला विचारलं, "दादा माझ्या बाकी तपासून बघायचा का कधी?"

"मी म्हनलं होतं एकदा, तुमचं झालं की ताईचेही पाहून घ्या. तर मलेच बोलले. म्हने, सुमीनं केलंय ते. पुन्हा काऊन करू?"

सांग, आता तुझा राग येऊ नये तर काय व्हावं? जन्मभर तू कोणावर विश्वास ठेवला नाहीस. बियाण्याच्या पुडीवरचा छाप तुला खोटा वाटायचा, हवामानाची बातमी खोटी, दुकानातला काटा खोटा. मिरचीची रोपं तू स्वतः मोजून घ्यायचास आणि घरी आणून परत मोजायचास. स्वतःचा भागाकार दोनदा करायचास. आणि तपासल्याशिवाय एकच गोष्ट घेतलीस ती माझी! एकदा, फक्त एकदा माझं पान तपासलं असतंस तर मला फोनवर कडकडून बोलला असतास, महिनाभर अबोला धरला असतास, आणि आज मी तुझ्या घरात चोरासारखी बसले नसते. माझ्या लबाडीवर तू दोन वर्षं भागाकार करत बसलास. उन्हाळ्यात, गुडघे दुखत असताना, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधून.

गप्प बसणं सोपं होतं, हेही सांगते. तीन वेळा मनात आलं. भिंतीवर लिहू देत, मळ्यात कोण तपासायला येतंय? पण हे मी एकदा म्हटलं होतं. पुरी लाटताना.

चारच्या सुमाराला मी गजूला आणि वहिनीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पाच बाकी, पुऱ्या, सगळं. वहिनी बराच वेळ पदराची कड बोटाला गुंडाळत राहिली. गजू वहीकडे बघत होता.

"म्हंजे बाबाचं चुकलं?"

"तुया बाबाचा एकही आकडा चुकला नाही. माया चुकला. मुद्दाम चुकला."

"दोन वर्षं करून राह्यले ना ते, आत्या."

"हाव."

तो उठून बाहेर गेला. मी त्याला थांबवलं नाही. वहिनी म्हणाली, "रविवारी नऊ वाजले की अंघोळ करून, टोपी घालून बसत होते फोनपाशी. कोनाची टाप नव्हती मधात बोलाची." एवढंच. तिनं मला माफ केलं की नाही, ते मला समजलं नाही. मी विचारलंही नाही.

मग मी पुन्हा वही घेतली, कारण दुसरं काय करायचं? आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ती तुला ऐकायलाच हवी, म्हणून हे सगळं लिहितेय. ३४७ तर मूळ आहे, ते उघड आहे. पण हा दुसरा तुकडा, ३१४६९, हा काय आहे? त्याला ज्या संख्येचा भाग जाईल, तिचा तुझ्या मोठ्या आकड्यालाही जाणारच. आणि तुझ्या वाट्याच्या कुठल्याही संख्येचा मोठ्या आकड्याला भाग जात नाही, हे तू प्रत्येकी दोनदा करून लिहून ठेवलं आहेस. म्हणजे ३१४६९ ला एक आणि नऊवाल्यांपैकी कोणाचाच भाग जात नाही. ते सिद्ध आहे. तुझ्या हातानं. तुझ्या वाट्याचं मला पुन्हा काही करायचं नव्हतं.

राहिल्या माझ्या. तीन आणि सातवाल्या. ३१४६९ साठी १७७ पर्यंतच जावं लागतं, त्यात माझ्या बावीस. जुन्या बाकींवर मी विसंबले नाही. तीनपासून सुरुवात केली. तीनची बाकी दोन. सातची चार. तेराची नऊ. प्रत्येक दोनदा केली, दादा. तुझ्यासारखी. सत्तेचाळीसशी आले तेव्हा गजू परत आला आणि दारात उभा राहिला. थोड्या वेळानं खाली बसला. मग म्हणाला, "आत्या, मोबाइलवर पाहू काय?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "राहू द्या. करा तुम्ही."

त्यानं पेंटरला फोन लावला, भिंतीवर काय लिहायचं ते बदललंय म्हणून. पट्टीखाली आता लिहायचंय : १०९१९७४३ = ३४७ × ३१४६९. पुढचं वाक्य त्यानं मोकळं ठेवायला सांगितलं. मला म्हणाला, "तुमचं होऊ द्या आधी."

दादा, तुला लहानपणापासून जे वाटत होतं ते अगदीच खोटं नव्हतं. तुझ्या आकड्याच्या आत एक मोठा आकडा होता, ज्याला कोणाचाच भाग जात नाही. तो तुला दोन वर्षांपूर्वी सापडला असता. मी आड आले.

आता अंगणात ऊन उतरलंय. एकशे सदुसष्टची बाकी त्र्याहत्तर आली. शेवटचा एकच होता, माझ्या वाट्याचा. तो करायला मला तू समोर हवा होतास, आणि आता कळतंय की तुलाही मी तशीच हवी होते, मुगाचे वडे हे निमित्त होतं. मी यायला हवं होतं. एका भागाकारासाठी एसटीनं यायला हवं होतं.

दोनदा केलाय. एकशे त्र्याहत्तर, बाकी एकशे छप्पन. मनानं नाही सांगत, दादा. लिहून घे.